पत्र्यातलं दार

चांगुणाबाय पनवेलच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहतात. त्या बोलल्या तसं लिहिलं आहे.

माझं माहेर उरणकडचं. बापाची छोटी होडी होती आणि आई खाडीत हातानं चिंबोऱ्या, मंजे खेकडे, धरायची. मी शाळेत तिसरीपर्यंत गेले, तेही पुरतं नाय, उधाणाचे दिवस आले की आई मला शाळेतून उठवून न्यायची. मास्तर विचारायचे, ही पोरगी महिन्यातले आठ-आठ दिवस जाते कुठं, तर आई बोलायची, ती दुसऱ्या शाळेत जाते. आणि खरंच ती शाळाच होती. आईनं मला बोटांवर तिथी शिकवली. पुनवेला नि अवसेला उधाण, त्या दिवसांत पाणी दुपारी बाराला तिवरांच्या झाडांच्या खांद्यावर चढतं आणि सकाळी सहा-सातला पार तळ दाखवतं, पुढं रोज पाऊण तास उशीर. असं सरकत सरकत अष्टमी आली की भांग. भांग मंजे पाणी धड चढत नाय, धड उतरत नाय, मधेच रेंगाळतं, त्या दिवशी खाडी काय देत नाय. घड्याळ आमच्या घरात नव्हतंच, पण आईची वेळ कधी चुकली नाय. हे तू नीट लिही, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर हाय.

लगीन होऊन इकडं आले तेव्हा सासूनं पहिल्या दिवशी विचारलं, तुला काय येतं गं, मी बोलले, निवट्या धरता येतात. ती हसली, बोलली, मंग तू उपाशी नाय मरणार. निवटी मंजे चिखलावर उड्या मारणारी मासळी, बघितलीस का तू कधी? नाय बघितलीस. डोळे डोक्यावर, आणि आपण वाकलो की बिळात. हात कोपरापर्यंत बिळात घालायचा, तो पण बिळाच्या मागच्या तोंडातून. त्याशिवाय कालवं, शिवल्या, चिंबोऱ्या. मी आणि माझी धाकटी जाऊ पार्वती, आमी दोघी तीस वर्षं एकत्र खाडीत उतरलो. पहाटे साडेचारला निघायचं, पाणी उतरत जातं तसं त्याच्या मागं मागं जायचं, आणि ते परत फिरलं की त्याच्या पुढं पुढं यायचं. नऊपर्यंत पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात. माझा नवरा बंदरावर हमालीला होता, छाती बसली त्याची, आता घरी असतो. पोरगा खारघरला एका टॉवरमध्ये लिफ्ट बघतो, बोलतो, आये, आता पुरे कर. मी बोलते, अरे, तुझी लिफ्ट वर जाते खाली येते, माझं पाणी पण तसंच, तू पुरे करतोस का?

तर वाट. आमच्या आळीच्या मागून खाडीवर जायला वाट होती, कोणी बांधलेली नाय, पायांनी झालेली. घरापासून चिखलापर्यंत पान खाऊन थुंकेपर्यंत पोचायचं. चार वर्षांपूर्वी तिथं कंटेनर ठेवायचं यार्ड आलं. कोणाची जागा, कशी दिली, ते मला विचारू नको, मला कोणी सांगितलं नाय. एका आठवड्यात निळा पत्रा उभा राहिला, दोन माणसं उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि आमची वाट पत्र्याच्या पलीकडं. आता खाडीत जायचं तर मोठ्या रस्त्यानं वळसा, आणि रस्ता कसला तर न्हावा शेव्याकडं जाणाऱ्या ट्रेलरांचा. पहाटेच्या अंधारात ते येतात ना, आधी वारा येतो, मंग उजेड, मंग ते. दुसऱ्याच अवसेला पार्वतीला एक चाटून गेला. थांबला पण नाय. पाय तीन ठिकाणी मोडला, जोडला, पण वाकडा जोडला. ती आता काठी घेऊन चालते. घरातून चिखल दिसत नाय, पत्रा दिसतो, ती दारात बसून पत्र्याकडं बघते आणि मला विचारते, आज कुठवर उतरलं गं पाणी?

मला एवढंच पाहिजे होतं. पत्र्यात एक दार. यार्ड हलवा असं बोलले नाय मी, पैसे द्या बोलले नाय. एक मानूस पाटी घेऊन जाईल एवढं दार. मंग पार्वती काठी टेकत का होईना, वाटेनं काठापर्यंत येईल, कालवं फोडायला बसेल.

आता संस्था. आमच्या आळीत पाच संस्था येतात. नावं नको लिहू, मला पण नीट येत नायत, आमी त्यांना त्यांनी दिलेल्या वस्तूवरून ओळखतो. एक टोपीवाली, ती तिवरं वाचवते. एक शिवणवाली, तिनं मशिनी दिल्या. एक गोळ्यावाली, रक्त तपासते. एक गटवाली, बचतगटाची वही दिली तिनं, आणि एक कायदेवाली, तिनं पुस्तकं दिली ती बाया पापड वाळवताना वर दाबायला ठेवतात. मानसं वाईट नायत. पण काय सांगू तुला, पाचही जणी येतात आणि त्याच वीस बायांना भेटतात. सोमवारी माझं नाव टोपीवालीच्या वहीत, बुधवारी शिवणवालीच्या. प्रत्येकीला मी दाराचं सांगितलं. टोपीवाली बोलली, मावशी, आमचं काम पर्यावरणाचं हाय. गोळ्यावाली बोलली, आमचं आरोग्याचं. मी बोलले, पार्वतीचा पाय आरोग्यात येत नाय का? ती बोलली, पाय येतो, रस्ता येत नाय. कायदेवाली बोलली, आमच्यात येतं, पण एकट्या संस्थेनं पत्र दिलं तर कंपनी ऐकणार नाय, सगळ्यांनी मिळून दिलं पाहिजे. मंग द्या की मिळून. तर बोलली, मेळावा होणार हाय, सगळ्या संस्था एकत्र बसून ठरवणार हायेत, कशाला प्राधान्य द्यायचं ते. प्राधान्य मंजे काय गं? मंजे आधी काय करायचं ते. मंग असं बोला ना, आधी काय करायचं.

मेळाव्याची तारीख त्यांनी कशी काढली माहीत नाय, पण पुनवेनंतरची बीज निघाली, त्यात सकाळी सातला टेम्पो. वर्षातली मोठी सुकती, मंजे ओहोटी, पाणी आठला तळाला जाणार, आणि त्या वेळी आमी वीस बाया टेम्पोत, इस्त्रीच्या साड्या नेसून. आमच्यातली हिराबाय बोलली, आज चिंबोऱ्यांना सुट्टी गं. सगळ्या हसल्या, पण खाडीच्या पुलावरून टेम्पो गेला तेव्हा सगळ्यांनी माना वळवून बघितलं. एवढा चिखल उघडा पडलेला, आणि त्यावर फक्त बगळे.

तू होतीस तिथं. कोपऱ्यात, लॅपटॉप मांडीवर, कोणाशी बोलत नव्हतीस. मला वाटलं कोणाची तरी मुलगी असेल.

हॉल थंडगार, आमी पदर घट्ट घेऊन बसलो. पाच गोल टेबलं, प्रत्येकावर संस्थेची पाटी. माईकवरून बोलले, आपापल्या संस्थेच्या टेबलावर बसा. आता आमी कुठं बसणार? शिवणवाली हात करते, मावशी, इकडं, गोळ्यावाली बोलते, या तर आमच्या बाया. आमच्या! जशा काय आमी पाटीतल्या निवट्या. फोटो काढायला प्रत्येक टेबल भरलेलं पाहिजे, म्हणून मंग एकदा या टेबलावर बसा, फोटो, आता त्या टेबलावर, टोपी घाला, फोटो, टोपी काढा. तिसऱ्या टेबलाला पार्वतीनं काठी आपटली, बोलली, अगं बायांनो, एक पाय मोडका हाय माझा, सगळ्यांच्यात मिळून एकच फोटो काढा आणि पाच ठिकाणी लावा. त्यावर त्यांच्यातलीच एक पोरगी फस्सकन हसली.

पुण्याहून एक सर आले होते, मेळावा चालवायला. गोड बोलायचे. त्यांनी सगळ्यांना रंगीत कार्डं दिली, बोलले, एका कार्डावर एकच गोष्ट, तुमच्या मनातली. मला लिहायला वेळ लागतो, पण मी कोणाला हात लावू दिला नाय, माझं मीच लिहिलं, पत्र्यात दार पाहिजे. सगळी कार्डं भिंतीला लावली. माझं पिवळं, मधोमध. मी जेवायला गेले तरी मान वळवून बघत होते. जेवायला पनीर. कोळणींना पनीर! हिराबायनं बोटानं दाबून बघितलं, बोलली, ताजं वाटत नाय गं, डोळे बघायला हवे होते.

जेवून आलो तर माझं कार्ड दिसेना. मी भिंतीभर शोधलं. सरांनी सगळी कार्डं एकावर एक लावून गठ्ठे केले होते, वर नवीन मथळे. माझं कार्ड सात कार्डांच्या खाली, आणि वरच्यावर लिहिलेलं, शाश्वत उपजीविका. मी सरांना बोलले, माझं दार कुठं गेलं? ते बोलले, मावशी, ते यात आलं, समाविष्ट हाय. मी बोलले, पण दिसत नाय. ते बोलले, विचार म्हणून आलं. मंग प्रत्येक संस्थेला लाल गोल टिकल्या वाटल्या, तीन तीन, ज्याला जे आधी करावंसं वाटतं तिथं चिकटवा. मी हात पुढं केला. वाटणारी पोरगी माझ्याकडं बघून सरांकडं बघायला लागली. सर बोलले, टिकल्या संस्थांना, मावशी, तुमी सहभागी.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी आयुष्यात माईक धरला नव्हता, त्या दिवशी पण धरला नाय, माझा आवाज बाजारातला हाय, त्याला माईक लागत नाय. मी बोलले, या भिंतीवर काय चाललंय? वाट माझी गेली, पाय हिचा मोडला, आणि आधी काय करायचं ते ठरवणार तुमी, आमाला एक टिकली पण नाय? पाच जणी वर्षानुवर्षं आमच्या दारात येता, प्रत्येकीला चहा पाजला, तुमच्या पाच वह्यांत मी पाच बाया झाले, आणि सगळ्या मिळून एक पत्र लिहिता येत नाय? आज बीज हाय. आज सकाळी आठला आमची खाडी उघडी पडली होती, ती सोडून आमी तुमच्या फोटोत बसलो. माझं कार्ड मला परत द्या, मी जाते. आणि गेले, भिंतीजवळ गेले, सात कार्डं बाजूला करून माझं पिवळं कार्ड ओढून काढलं. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंग पण आला.

पार्वती मोठ्यानं बोलली, बस आता, पाणी पी. मंग कायदेवाली उठली, तिचं तोंड लाल झालेलं, बोलली, मावशींचं बरोबर हाय, आपण आज हे एकच ठरवू. शिवणवाली बोलली, चालेल. एकेक करत पाचही जणी. सरांनी टाळ्या वाजवल्या, बोलले, हेच, याला म्हणतात एकत्र येणं. आणि खरं सांगते, मला रडू आलं. मला वाटलं, झालं काम.

मंग पत्र. तुला तर माहीतच हाय. चहाच्या वेळेला बसल्या पाचही जणी डोकी एकत्र करून. कागदावर कोणाचं चिन्ह आधी लावायचं, डावीकडं की उजवीकडं, मोठं की लहान, त्यावर चहा थंड झाला. मंग कोणीतरी बोललं, दाराची वेळ टाका, नायतर कंपनी बोलेल रात्रंदिवस कोण उघडं ठेवणार. किती टाकायची? शिवणवाली बोलली, दहा ते पाच टाका, त्यांच्या ऑफिसची वेळ, लगेच मान्य करतील. सगळे बोलले, हो, प्रॅक्टिकल हाय. एवढंच. त्या टेबलापासून आमी दहा पावलांवर होतो, वीस बाया, बिस्किटं खात. कोणी मान वळवून विचारलं नाय.

आणि मी पण विचारलं नाय, हे पण लिही. पत्र इंग्रजीत वाचून दाखवलं, मी त्यात गेट गेट ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. पहिली सही माझी. कोळणीची जात माझी, बाजारात कोणी मासळी न बघता पाटी घेतली तर मी त्याला हसते, आणि मी ते पत्र न बघता घेतलं.

दार आलं गं. लवकर आलं, कंपनीनं एवढी पण कटकट केली नाय, का करेल? उद्घाटन सकाळी साडेअकराला, त्या दिवशी अवस. रिबीन, नारळ, पाच संस्थांची पाटी, पेढे. आमाला रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊन दारातून जायला लावलं, व्हिडिओसाठी. दार उघडलं आणि पलीकडं पाणी, उंबऱ्यापासून चार हातांवर, तिवरं बुडालेली. आमी पाट्या घेऊन दोन पावलं गेलो आणि उभ्या राहिलो, पुढं जाणार कुठं, पाण्यात? पाहुणे बोलले, वा, काय सुंदर दिसतंय. पार्वती माझ्या कानात बोलली, यांना कळतंय का गं, की आता इथं काय नाय? मी बोलले, गप, उद्या पहाटे बघू.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो तर कुलूप. वॉचमन चांगला पोरगा हाय, बिहारचा, बोलला, मौसी, कागज में दस लिखा है, मेरी नौकरी जाएगी. मी कुलूप हातात धरून उभी राहिले. पत्र्याला बोल्टाची भोकं हायेत, त्यातून वास येत होता, उघड्या चिखलाचा, तो वास आला की आमचे हात शिवशिवतात. आमी परत रस्त्यानं गेलो. पार्वती काठी घेऊन घरी.

आता हिशेब तूच घाल, तू शिकलेली हायस. दहा ते पाच दार उघडं. उधाणाला पाणी उतरतं पहाटे, दहाला ते परत चढत असतं. दहाच्या पुढं सुकती येते ती फक्त भांगेला, अष्टमीच्या आसपास तीन-चार दिवस, आणि भांगेला खाडी देत नाय. मंजे ज्या दिवशी खाडीत काय नाय, नेमकं त्याच दिवशी आमाला दार. एखाद्यानं मुद्दाम ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. आणि मुद्दाम कोणी केलं नाय, त्याचाच तर राग येतो. मुद्दाम करणाऱ्याला शिव्या तरी देता येतात.

मी पाचही जणींकडं गेले. टोपीवाली बोलली, पत्र सगळ्यांचं हाय, एकटीला बदलता येणार नाय. गोळ्यावाली बोलली, पुढच्या मेळाव्यात घेऊ. कधी पुढचा मेळावा? पुढच्या वर्षी. कायदेवालीनं डोळ्यांत पाणी आणलं, पण पत्र नाय आणलं. आणि शिवणवाली, ती काय बोलली माहीत हाय? बोलली, मावशी, आता असं नका सांगू कोणाला, आमच्या अहवालात दार यशस्वी म्हणून गेलंय. मी बोलले, मंग तुमच्या अहवालालाच पाठवा निवट्या धरायला.

आणि आता त्यांनी तुला पाठवलंय. पहिल्यांदा आलीस तेव्हा तू बोललीस, यशोगाथा लिहायची हाय, मी मनात बोलले, हिला पण चहा पाजा. पण तू मधे बोलली नायस, म्हणून एवढं सांगितलं. आणि मला माहीत हाय गं, ते दहा ते पाच टाइप करणारी तूच होतीस, तुझी बोटं मी बघितली होती, भराभर चालत होती. रडू नको. तुला कोणी सांगितलं ते तू टाइप केलंस, मी न वाचता सही केली, आपण दोघी सारख्या. पण आता त्याच बोटांनी हे टाइप कर. पुनवेला नि अवसेला पहाटे साडेचार. पुढं रोज पाऊण तास उशिरा, अष्टमीपर्यंत. मंग परत पहिल्यापासून. चिन्ह कोणाचं लावू नको, खाली आमच्या वीस जणींच्या सह्या घे, आणि सही घ्यायच्या आधी मराठीत वाचून दाखव, मोठ्यानं, पार्वतीला पण ऐकू जाईल असं. नाय जमलं कोणाकडून तर नाय जमलं, मी रस्त्यानं जाते तशी जाईन, अंगात बळ हाय तोवर. तुझं भलं होवो, पोरी, तुझ्या बोटांना यश येवो.

एवढी घाई नको करू, बस. पाणी पी. आज अष्टमी हाय, बघ तिकडं, दार सताड उघडं हाय. दार उघडं असलं की मला वेळच वेळ असतो.